रुपया आणि पौंड : डॉ. आंबेडकरांच्या चलनविषयक ग्रंथाचें परीक्षण

जुन्या कागदांचें संपादन करणाऱ्या मंडळींत एक रीत रूढ होऊन बसली आहे. मूळ इंग्रजी पत्रांत पौंडांचा आंकडा आला, कीं त्यास पंधरानें गुणून तळटीपेंत रुपये मांडावयाचे; रुपयांचा आंकडा आला, कीं पंधरानें भागून पौंड करावयाचे. कोणी पंधराच्या जागीं दहा धरितात, कोणी तेरा. हा आंकडा कोठून आला, तो कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत खरा होता, आणि तो खरा होता तेव्हां तरी कोणत्या अर्थानें खरा होता, याची विचारपूस क्वचितच होते. शब्दाच्या एका वेलांटीसाठीं चार पोथ्या ताडून पाहणारा संशोधक रकमेच्या बाबतींत इतका निष्काळजी कसा, याचें आम्हांस नवल वाटतें. या विषयावर आपल्याच प्रांतांतील एका थोर विद्वानानें लिहिलेला ग्रंथ शंभर वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे विद्यार्थी तो वाचतात. इतिहासाचे साधन म्हणून मात्र त्याची फारशी चिकित्सा झालेली नाहीं. ती येथें थोडक्यांत करण्याचा आमचा उद्देश आहे.

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा 'दि प्रॉब्लेम ऑफ दि रुपी' हा ग्रंथ १९२३ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. लंडन विद्यापीठाच्या डी. एस्सी. या पदवीसाठीं सादर केलेला हा प्रबंध असून त्यास प्रो. एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. ग्रंथकर्त्याच्या सर्वच मतांशीं आपण सहमत नाहीं असें कॅनन यांनीं तींत मोकळेपणानें सांगितलें आहे, आणि तरीही त्याच्या विचारांतील ताजेपणाची वाखाणणी केली आहे. १९४७ सालीं हाच ग्रंथ हिंदी चलन व पेढी यांच्या इतिहासाचा पहिला खंड या नांवानें मुंबईस पुन्हा निघाला. १९२३ नंतरचा वृत्तांत दुसऱ्या खंडांत देण्याचा संकल्प त्यांत होता. तो खंड निघाला नाहीं. पुढें १९८९ सालीं महाराष्ट्र शासनानें प्रसिद्ध केलेल्या आंबेडकरांच्या समग्र लेखनाच्या सहाव्या खंडांत हा ग्रंथ समाविष्ट झाल्यामुळें आतां तो कोणासही सहज मिळण्याजोगा आहे.

ग्रंथाचीं प्रकरणें सात. मोगल अमदानींतील मोहोर व रुपया यांपासून आरंभ करून १८३५ चा एकचलनी कायदा, १८७३ नंतरची चांदीची घसरण, १८९३ सालीं टांकसाळी बंद होणें, १८९९ चा सुवर्णचलनाचा संकल्प, त्यांतून नकळत उद्भवलेली सुवर्ण-विनिमय-पद्धति, आणि शेवटीं तिजवरील उपाय, असा त्याचा क्रम आहे. विषय रुक्ष असला तरी मांडणी रुक्ष नाहीं. ग्रंथकार वकिली थाटानें वाद मांडतात, प्रतिपक्षाचा मुद्दा आधीं पुरता उभा करितात आणि मग त्याचा पाया खणतात. प्रतिपक्षही लहानसहान नव्हे. सुवर्ण-विनिमय-पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते जॉन मेनार्ड केन्स यांचा हिंदी चलनावरील ग्रंथ १९१३ सालीं निघालेला होता, आणि त्याच सालीं नेमलेल्या चेंबरलेन कमिशनाचे ते सभासदही होते.

आतां आमच्या वाचकांस उपयोगी पडेल असा भाग पाहूं. १८३५ च्या सतराव्या कायद्यानें कंपनीच्या मुलुखांत १८० ग्रेन वजनाचा, १६५ ग्रेन निखळ चांदीचा रुपया हेंच कायदेशीर चलन ठरलें. तेव्हांपासून १८९३ पर्यंत टांकसाळ सर्वांस खुली होती. कोणीही चांदी न्यावी आणि रुपये पाडून घ्यावे. म्हणून त्या काळीं रुपयाची पौंडांतील किंमत ही लंडनच्या चांदीच्या भावामागें सावलीसारखी चाले. तिचें गणित सोपें आहे. लंडनचा औंस ४८० ग्रेनांचा. तेथील प्रमाणभूत चांदींत हजारीं ९२५ भाग निखळ. म्हणजे औंसांत निखळ चांदी ४४४ ग्रेन. औंसाचा भाव जितके पेन्स असेल त्यास १६५ नें गुणून ४४४ नें भागावें, कीं रुपयाची धातूची किंमत निघाली. भाव ६० पेन्स असतां ती २२.३ पेन्स होते; भाव ४० पेन्स असतां १४.९ पेन्स. पौंडाचे पेन्स २४०. यावरून पौंडाचे रुपये पहिल्या वेळीं पावणेअकरा, तर दुसऱ्या वेळीं सोळांहून अधिक होतात, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

हा ६० वरून ४० वर उतार वीस वर्षांत झाला. फ्रान्सनें १८०३ सालच्या कायद्यानें सोन्याचांदीचें प्रमाण एकास साडेपंधरा असें बांधून ठेविलें होतें, आणि त्या बंधाच्या आधारानें सत्तर वर्षें दोन्ही धातूंचा भाव जगभर बहुधा स्थिर राहिला. जर्मनीनें १८७१ ते १८७३ या सालांत सुवर्णचलन स्वीकारलें, फ्रान्स व त्याच्या सोबत्यांनीं चांदीचीं नाणीं पाडण्यावर मर्यादा घातली, आणि तो बंध तुटला. हिंदुस्थान सरकारचे उत्पन्न रुपयांचें व विलायतेंतील देणें पौंडांचें असल्यामुळें त्याचा फटका तात्काळ बसला. १८७३-७४ सालीं १,३२,८५,६७८ पौंड विलायतेस पाठविण्यास दर रुपयास २२.३५१ पेन्सांच्या हुंडणावळीनें १४ कोटि २६ लाखांवर रुपये लागले. १८९२-९३ सालीं १,६५,३२,२१५ पौंड पाठवावयाचे होते व हुंडणावळ १४.९८५ पेन्सांवर आली होती. तेव्हां २६ कोटि ४७ लाखांहून अधिक रुपये मोजावे लागले. जुना दर असता तर हीच रक्कम पावणेअठरा कोटींत भागली असती. हे आंकडे हर्शेल कमिटीच्या अहवालांतले आहेत. एका वर्षांतील ८ कोटि ७२ लाखांची ही तूट कोणाच्या खिशांतून भरून निघाली हें निराळें सांगावयास नको.

२६ जून १८९३ रोजीं टांकसाळी खाजगी चांदीस बंद झाल्या आणि वर दिलेलें गणित त्या दिवसापासून लागू पडेनासें झालें. १८९४-९५ सालीं चांदीचा भाव सुमारें २९ पेन्स होता. त्या हिशेबानें रुपया पावणेअकरा पेन्सांचा व्हावा, पण प्रत्यक्ष हुंडणावळ १३.१ पेन्स होती. रुपया आतां आपल्या धातूहून महाग, म्हणजे चांदीवर छापलेली हुंडीच, झाला होता. पुढें दर हळूहळू १६ पेन्सांवर आणण्यांत आला व फौलर कमिटीच्या शिफारशीवरून १८९९ सालीं पौंडाचें सोन्याचें नाणें १५ रुपयांस कायदेशीर ठरलें. आमच्या संपादकांचा आवडता पंधराचा आंकडा तो हा. त्याचें राज्य ढोबळ मानानें १८९८ पासून १९१७ पर्यंत, सुमारें वीस वर्षांचें. पेशवाईच्या कागदांस तो लावणें म्हणजे शिवकालीन किल्ल्यावर आगगाडी चढविण्यासारखें आहे.

या कालखंडाविषयींचें आंबेडकरांचें विवेचन हा ग्रंथाचा गाभा असून इतिहास या दृष्टीनेंही तोच सर्वांत मोलाचा भाग आहे. सुवर्ण-विनिमय-पद्धति ही दूरदृष्टीच्या मुत्सद्द्यांनीं योजून उभारलेली इमारत आहे, असा तिच्या चाहत्यांचा दावा होता. आंबेडकरांनीं सरकारी कागद क्रमानें लावून दाखविलें, कीं १८९९ सालीं ठरलें होतें तें सोन्याचें नाणें चालू करण्याचें. तें बाजूस पडत गेलें, आणि लंडनमधील कौन्सिल हुंड्यांच्या विक्रीवर रुपयाचा दर टेकविण्याची वहिवाट पडली. मग त्या वहिवाटीसच तत्त्वाचें नांव मिळालें. साधनांचा क्रम लावून आख्यायिका मोडणें हें इतिहाससंशोधकाचें काम होय, व तें येथें उत्तम साधलें आहे. त्यांचा दुसरा सिद्धांत याहूनही व्यापक आहे. हुंडणावळ स्थिर राहिली म्हणजे चलन स्थिर राहिलें असें होत नाहीं. रुपयाची खरी कसोटी त्यानें बाजारांत धान्य व कापड किती मिळतें ही आहे. दर उतरला कीं निर्यात करणारा व्यापारी सुखावतो, परंतु तें सुख देशाच्या धनांत पडलेली भर नसून, भाव चढले तरी ज्याची मजुरी मागें रेंगाळते त्या कष्टकऱ्याच्या तोंडचा घांस आहे, हें त्यांनीं स्पष्ट शब्दांत सांगितलें.

पुढील इतिहासानें या सिद्धांतास जी पुष्टि दिली ती ग्रंथाबाहेरची असली तरी येथें नमूद केली पाहिजे. १९२७ सालीं हिल्टन यंग कमिशनाच्या बहुमतास अनुसरून रुपया १८ पेन्सांचा, म्हणजे पौंड १३ रुपये ५ आणे ४ पैचा ठरला. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं १६ पेन्सांचा आग्रह धरून भिन्नमतपत्रिका जोडली होती. सप्टेंबर १९३१ मध्यें इंग्लंडनें सोनें सोडलें, तरी रुपया त्याच १८ पेन्सांनीं पौंडास बांधलेला राहिला. दुसरें महायुद्ध झालें, हिंदुस्थानांत भाव दुपटीहून अधिक चढले, १९४३ सालीं बंगालांत दुष्काळानें लाखों माणसें मेलीं. हुंडणावळ १८ पेन्सच होती. १९४९ सालीं दोन्ही नाणीं डॉलरशीं एकदमच उतरविलीं गेलीं. तेव्हांही पौंडाशीं दर तोच. ६ जून १९६६ रोजीं पौंडाचे २१ रुपये होईपर्यंत कोष्टकांत एकच आंकडा उभा आहे, आणि त्या आंकड्याच्या आड रुपयाची अर्धीअधिक शक्ति निघून गेली आहे. आंकडा न हलणें म्हणजे मोल न हलणें नव्हे, याहून बोलका दाखला मिळणें कठीण.

येथवर गुणांचें वर्णन झालें. आतां उणिवांकडे वळूं. पहिली उणीव १८३५ पूर्वीच्या काळाविषयींची. मोगल काळीं मोहोर व रुपया यांमध्यें कायद्यानें बांधलेलें प्रमाण नव्हतें, दोन्ही नाणीं समांतर चालत, हें ग्रंथकारांनीं बरोबर हेरलें आहे. मोहोरेचा भाव एकाच सालच्या दोन कागदांत भिन्न दिसला म्हणजे लेखकास दोष देऊं नये, एवढा बोध आम्हांस त्यांतून मिळतो. परंतु त्यानंतरच्या शतकाचें चित्र त्यांनीं मोडलेल्या साम्राज्यांतील खोट्या नाण्यांचा गोंधळ या एकाच रंगानें रंगविलें आहे. ग्रंथाचा आधार प्रायः पार्लमेंटचे कागद, कमिट्यांचे अहवाल व इंग्रज ग्रंथकार यांचा असल्यामुळें कंपनीची दृष्टि नकळत त्यांत उतरली आहे. मराठी दफ्तर पाहणाऱ्यास निराळें दिसतें. चांदवडी, अंकुशी, मलकापुरी अशीं नांवानिशीं नाणीं जमेस धरलेलीं असतात. एका नाण्याचे दुसऱ्यांत रूपांतर करितांना बट्टा मांडलेला असतो. सराफ तो बट्टा नाण्याचा कस, झीज व त्या पेठेंतील मागणी पाहून ठरवीत असे. हा गोंधळ असेल, पण त्यास हिशेब होता. न्यायमूर्ति रानडे यांनीं मराठी राज्यांतील नाणीं व टांकसाळी यांवर १८९९ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेसाठीं लिहिलेला निबंध आंबेडकरांच्या पहिल्या प्रकरणाशेजारीं ठेवून वाचावा, म्हणजे ही बाजू कांहींशी भरून निघेल.

याच्याशींच निगडित असा एक मुद्दा ग्रंथांत जितका उलगडावयास हवा होता तितका उलगडलेला नाहीं. रुपया व पौंड यांचा दर म्हणून कागदांत जो आंकडा येतो तो तीन प्रकारचा असूं शकतो. पहिला धातूचा दर; त्याचें गणित वर दिलें आहे. दुसरा वहीचा दर. कंपनीच्या ताळेबंदांत मुंबईचा रुपया २ शिलिंग ३ पेन्स, बंगालचा चलनी रुपया २ शिलिंग व मद्रासचा होन ८ शिलिंग असे ठराविक दर धरून पौंड मांडीत. यांतील चलनी रुपया हें नाणेंच नव्हे; तो केवळ हिशेबापुरता असून १०० सिक्का रुपयांचे ११६ चलनी होत. मुंबईच्या रुपयाचे २७ पेन्स हेही त्याच्या धातूच्या किंमतीहून पुष्कळ वरचढ आहेत. तिसरा हुंडीचा दर. हुंडी दर्शनी आहे कीं मुदतीची, यावर तो अवलंबून. लांब मुदतीच्या हुंडींत व्याज दरांतच गुरफटलेलें असतें. समुद्राखालील तार १८७० सालीं मुंबईस पोंचण्यापूर्वीं लंडनचा भाव मुंबईस कळण्यास आठवडे लागत, तेव्हां एकाच तारखेस दोन शहरीं दोन दर असणें स्वाभाविक होतें. या तिहींचा भेद न करितां ताळेबंदांतील आंकडे व हुंड्यांचे आंकडे एका रांगेंत बसविले, तर न घडलेली तेजीमंदी इतिहासांत घडविल्याचें पाप लागतें.

कायद्यांतला आंकडा तर याहूनही फसवा. १९१६ पासून चांदी चढूं लागली. फेब्रुवारी १९२० मध्यें तिचा भाव औंसास साडेएकोणनव्वद पेन्सांपर्यंत गेला. त्याच सुमारास बॅबिंग्टन स्मिथ कमिटीनें रुपया सोन्याच्या २ शिलिंगांचा करण्याची शिफारस केली. मुंबईचे दादीबा मेरवानजी दलाल या एकट्या सभासदानें विरोध नोंदविला, तो कोणीं ऐकिला नाहीं. सरकारनें उलट हुंड्या विकून दर टिकविण्याचा प्रयत्न केला व सप्टेंबर १९२० मध्यें तो सोडून दिला. १९२१ च्या आरंभीं दर १ शिलिंग ४ पेन्सांच्याही खालीं होता. मात्र सोन्याचें नाणें १० रुपयांस घेण्याचा १९२० चा कायदा १९२७ पर्यंत पुस्तकांत तसाच राहिला. तेव्हां त्या सात वर्षांचे कागद पाहणाऱ्यानें कायदा वाचून पौंडाचे दहा रुपये धरिले, तर तो बाजारांत कोणीही न केलेला व्यवहार लिहून ठेवील. दहाचा आंकडा धरणारांनीं हें अवश्य लक्षांत घ्यावें.

दुसरी उणीव भावांच्या पुराव्याची. रुपयाची क्रयशक्ति हाच ज्या ग्रंथाचा कणा, त्याचा आधार घाऊक बाजारांतील भावांच्या निर्देशांकांवर आहे. बंदरांतील घाऊक भाव म्हणजे आठवड्याच्या बाजारांत कुणब्यास पडलेला भाव नव्हे. उपलब्ध साधनें तीच होतीं, हें आम्ही मान्य करितों. पण त्यांवरून मजुराच्या स्थितीविषयीं काढलेलें अनुमान जितकें न्याय्य वाटतें तितकें सिद्ध झालेलें नाहीं. तिसरी उणीव उपायांची. रुपये पाडणें कायमचें बंद करावें, म्हणजे चलनाची तूट पडतांच सोनें देशांत येऊन ती भरून काढील, असें ग्रंथकारांचें म्हणणें. सरकारच्या हातची मनमानी थांबविण्याचा हेतु स्तुत्य आहे. परंतु सुगीच्या दिवसांत खेडोपाडीं जें चलन लागतें तें लहान नाण्यांचें, आणि पंधरा रुपयांचें सोन्याचें नाणें घेऊन कोणी दोन शेर ज्वारी घेण्यास जात नाहीं. या अडचणीचा विचार अपुरा राहिला, असें आमचें मत आहे.

परंतु दुसऱ्या उणिवेचा दोष ग्रंथकारापेक्षां आपणां सर्वांकडेच अधिक येतो. सनदा, महजर, मोडी पत्रें यांचा संग्रह आपण कसोशीनें करितों. १८१८ नंतरच्या सावकारी वह्या, देवस्थानांचे जमाखर्च, वाणसवद्याच्या याद्या, हुंड्यांचे नकले यांस मात्र रद्दीची वाट दाखवितों. त्यांत राजकारण नाहीं, प्रसिद्ध पुरुषांचीं नांवें नाहींत, म्हणून त्यांस किंमत नाहीं, असा समज. वस्तुतः रुपयास किती शेर तांदूळ, गड्यास दरमहा काय, कोणत्या नाण्यास किती बट्टा, मुंबईची हुंडी कोणत्या दरानें वटली, हें सांगणारा दुसरा साक्षीदार नाहीं. आंबेडकरांनीं १९२३ सालीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर सरकारी निर्देशांकांत अर्धेंच आहे. उरलेलें अर्धें या वह्यांत आहे, आणि त्या वर्षागणिक कमी होत आहेत.

संपादकांस आमची सूचना अशी आहे. १८३५ पूर्वीच्या रकमेचें पौंडांत रूपांतर करूंच नये. नाण्याचें नांव व बट्टा जसा असेल तसा द्यावा. १८३५ नंतर रूपांतर केल्यास साल व दराचा प्रकार सांगितल्यावांचून करूं नये. एक हजार रुपयांचे १८७३-७४ च्या दरानें ९३ पौंड होतात, १८९४-९५ च्या दरानें साडेचौपन्न, १८९९ च्या कायद्यानें सहासष्टांवर, १९२७ च्या कायद्यानें ७५ आणि १९६६ च्या दरानें अठ्ठेचाळीसही नाहींत. आणि शक्य तेथें पौंडांऐवजीं त्याच गांवचा, त्याच सालचा धान्याचा भाव द्यावा. रकमेचा अर्थ त्यानेंच उघड होतो.

एकंदरींत पाहतां हा ग्रंथ मतप्रतिपादनासाठीं लिहिलेला आहे व तसाच तो वाचला पाहिजे. त्याचा आरंभ त्रोटक आणि उपाय वादग्रस्त आहेत. परंतु १८७३ ते १९२० या काळांतील हुंडणावळीचा इतका सुसंगत व निर्भीड वृत्तांत आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं. त्यांतील मूळ प्रश्न, रुपयाचे मोल लंडनच्या पेढीवर मोजावें कीं खेड्याच्या बाजारांत, हा चलनशास्त्राइतकाच इतिहासशास्त्राचाही आहे. जुन्या कागदांचा व्यासंग करणाऱ्या प्रत्येकानें हा ग्रंथ संग्रहीं ठेवावा, आणि दफ्तरांतील पहिल्याच रकमेवर त्याची कसोटी लावून पाहावी, अशी आमची शिफारस आहे.